कोजागिरीचं तिकीट आणि कोस्ट गार्डचं पत्र

न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलंय. लांबलचक आहे, थोडक्यात देतो:

“माझी २८ फुटी बोट आहे. कोजागिरीला मंडळातल्या काही कुटुंबांना रॅरिटन बेमध्ये चांदणं दाखवायला नेलं. नऊ मोठी माणसं, दोन मुलं (वय ७ आणि १०) आणि मी. मोठ्यांचे ६० डॉलर घेतले, मुलांचे ३०. पेट्रोलला २१० गेले, दूध-भेळ-वड्यांना १६५. उरलेले २२५ मंडळाच्या दिवाळी फंडात टाकले, मी एक सेंट ठेवला नाही. परतताना कोस्ट गार्डची बोट बाजूला लागली, त्यांनी कागद तपासले, पाहुण्यांशी बोलले. आता त्यांच्या हिअरिंग ऑफिसरचं पत्र आलंय. तीन कलमं लावलीत: तपासणी प्रमाणपत्र नाही, परवानाधारक कप्तान नाही, ड्रग-टेस्टच्या योजनेत नाव नाही. दंडाचा आकडा वाचून झोप उडाली. मित्र म्हणतात, सगळ्यांनी सही करून लिहून द्यावं की पैसे फक्त खाण्यापिण्याचे होते. द्यावं का? हा गुन्हा आहे का? याच वर्षी सिटिझनशिपचा अर्ज करायचाय. आणि हे सगळं बायकोच्या मावशींमुळे झालं. अधिकाऱ्यानं सहज विचारलं तर ‘वी पेड सिक्स्टी डॉलर्स’ म्हणून मोकळ्या झाल्या. घरात सध्या त्यांच्याशी कोणी बोलत नाही.”

आधी ते सह्यांचं पत्र. नको. मसुदा तयार असेल तर आजच्या आज फाडा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला असेल तर पुढे बोलणं थांबवा.

का, ते सांगतो. तुमच्या हातात आत्ता आहे तो दिवाणी दंड. त्यात अटक नाही, खटला नाही, ‘दोषी’ असा शिक्का नाही. रक्कम भरली की विषय संपतो. पण केंद्र सरकारच्या खात्यापुढे जाणूनबुजून खोटं लिहून देणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पैशात मिटणारी गोष्ट तुम्ही स्वतःच्या हातानं तुरुंगाच्या दारात नेऊन ठेवणार, आणि एकटे नाही, मंडळातल्या नऊ जणांना सोबत घेऊन. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मी तिसरा इंजिनिअर होतो तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतल्याच एका बंदरात जहाजावर तपासणी आली. त्या माणसानं लाइफबोटीचं इंजिन सुरू करायला सांगितलं. हँडल फिरवलं, एकदा, दोनदा, तीनदा, इंजिन खोकलं आणि गप्प. तो काही बोलला नाही. त्यानं फक्त लॉगबुक मागितलं. त्यात दर आठवड्याला ‘चाचणी घेतली, समाधानकारक’ असं लिहिलेलं आणि खाली सही माझी. चाचणी मी घेतली नव्हती, आधीच्या ओळीवरून उतरवून काढत होतो, सगळेच काढायचे. इंजिनचा फिल्टर बदलून ते सुरू करायला चार तास लागले. सहीचं प्रकरण निस्तरायला दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत कॅप्टननं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. बिघाडाबद्दल त्या इन्स्पेक्टरचा आवाज एकदाही चढला नव्हता.

आता तुमचं म्हणणं खरं मानून चालू. तुम्ही नफा कमावला नाही. मग हे भाडं कसं झालं?

अमेरिकी कायद्यात ‘भाड्याचा प्रवासी’ याची व्याख्या आहे आणि ती आपल्या मराठी मनाला जरा उफराटी वाटते. बोटीवर घेण्यासाठी कुठलाही आर्थिक मोबदला मिळाला की तो प्रवासी भाड्याचा. मोबदला तुम्हालाच मिळायला हवा असं नाही, कुठल्याही व्यक्तीला किंवा संस्थेला मिळाला तरी चालतं. म्हणजे दिवाळी फंडही आलाच. सूट एकाच गोष्टीला आहे: फेरीचा प्रत्यक्ष खर्च सगळ्यांनी आपखुशीनं वाटून घेणं. मग ते रोख असो, पेट्रोल असो की खाणंपिणं. ‘प्रत्यक्ष’ आणि ‘आपखुशीनं’ हे दोन शब्द नीट धरून ठेवा, तुमचं प्रकरण तिथेच फसलंय. खर्च ३७५, जमा ६००. वरचे २२५ प्रत्यक्ष खर्चात बसत नाहीत, मग ते कितीही पुण्याच्या कामाला गेलेले असोत.

आणि आपखुशी? पत्रासोबत आलेल्या फाइलच्या प्रतीत तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजचा फोटो आहे, तुम्हीच मला पाठवलात. ‘कोजागिरी स्पेशल! तिकीट ६० डॉलर, मुलांना अर्धं. जागा फक्त ११. पैसे जमा झाल्यावरच नाव पक्कं.’ अहो, ‘तिकीट’ हा शब्द तुम्ही स्वतः लिहिलात. ‘पैसे आल्यावरच नाव पक्कं’ यात आपखुशी कुठून शोधायची? इथली मराठी माणसं पॉटलकलाही ‘एन्ट्री’ लावतात, पिकनिकला ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. सवय आहे. जमिनीवर ती चालून जाते. (आणि घरच्या मावशींकडूनही साठ घेतलेत, हे मी वाचलंय. असो.)

तेच जर तुम्ही मेसेज केला असता की ‘बोट काढतोय, या, खर्च येईल तो ज्याला द्यायचाय त्यानं नंतर द्या’, आणि धक्क्याला लागल्यावर ३७५ डॉलर बारा जणांत वाटले असते, तर मला वाटतं हे पत्र लिहायची वेळ तुमच्यावर आली नसती.

एक बारीक गोष्ट अजून. छोट्या बोटीवर भाड्याचा एक जरी प्रवासी असला, तरी बाकीचे सगळे प्रवासी मोजणीत येतात. एकूण सहापर्यंत असतील तर बोटीच्या तपासणीचं प्रमाणपत्र लागत नाही, पण कप्तानाकडे परवाना लागतोच. इथे त्याला बोलीत ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. त्यासाठी ३६० दिवसांचा बोट चालवण्याचा अनुभव, प्रथमोपचार, वैद्यकीय तपासणी, ड्रग-टेस्ट हे सगळं दाखवावं लागतं. सातवा माणूस चढला की बोट स्वतःच तपासणीच्या यादीत येते आणि मग प्रमाणपत्राशिवाय तिला भाड्यानं माणसं नेता येत नाहीत. तुमच्याकडे अकरा होते.

सहाच का, असं तुम्ही विचाराल. मीही एकदा विचारलं होतं. तुमच्यापासून फार लांबची गोष्ट नाही. लाँग आयलंडच्या टोकाला मॉन्टॉक आहे ना, तिथे १ सप्टेंबर १९५१ ला ‘पेलिकन’ नावाची ४२ फुटी बोट हौशी मासेमारांना घेऊन निघाली. शनिवार, लेबर डेची सुट्टी, न्यूयॉर्कहून मासेमारांसाठीच्या खास गाडीनं आलेली माणसं धक्क्यावर तिकीट काढून चढत होती. किती चढली? कप्तान आणि खलाशी धरून ६४. बेचाळीस फुटांवर. वारा उलटला, दोनपैकी एक इंजिन दगा देत होतं, आणि किनारा दिसत असताना लाटांनी बोट आडवी केली. ४५ माणसं गेली, त्यात कप्तानही. बोट लहान, म्हणून तोवर ती तपासणीच्या जाळ्यातून सुटत होती. १९५६ साली कायदा झाला आणि सहापेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या छोट्या बोटी तपासणीत आल्या.

आमच्या रायगडात हे समजावून सांगावं लागत नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझ्या लहानपणी गावात आषाढाच्या अमावास्येला लाँचनं निघायचं म्हटलं की म्हातारी माणसं ‘रामदास’चं नाव न घेता नुसतं डोकं हलवायची.

तर हा सहाचा आकडा मेलेल्या माणसांवरून आलेला आहे. आणि दिवाणी दंडाची तऱ्हाच अशी की तो काहीही वाईट झालेलं नसताना लागतो. तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय, ‘कोणाला ओरखडासुद्धा उठला नाही.’ बरोबर आहे. उठला असता तर तुम्हाला आलेलं पत्र वेगळ्या कागदावर असतं. कॅलिफोर्नियात २ सप्टेंबर २०१९ ला ‘कन्सेप्शन’ नावाच्या डायव्हिंगच्या बोटीला रात्री आग लागली, खाली झोपलेले ३४ जण गेले. रात्री फिरता पहारा ठेवायचा हा नियम कागदावर होता, पहारेकरी नव्हता. त्या कप्तानाला फौजदारी खटल्यात दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा झाली. आदल्या रात्री कोणी बोटीवर चढून ‘पहारेकरी कुठाय?’ विचारलं असतं आणि दंडाचं पत्र धाडलं असतं, तर तो कप्तानही तुमच्यासारखाच चिडला असता.

बरं, आता कामाचं.

पत्र हातात पडल्यापासून तुम्हाला ३० दिवस आहेत. त्यातले अकरा तुम्ही काळजीत घालवलेत. या मुदतीत तीन वाटा आहेत: रक्कम भरून टाका, लेखी म्हणणं आणि पुरावे पाठवा, किंवा सुनावणी मागा. गप्प बसणं ही चौथी वाट अनेकजण धरतात. तसं केलंत तर तुमचं म्हणणं न ऐकताच दंड कायम होतो, व्याज चढतं, आणि वसुली सरकारी खजिन्याच्या खात्याकडे जाते. मग तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाला बोटीतलं काही कळत नसतं, कळून घ्यायचंही नसतं.

हिअरिंग ऑफिसर हा तुमच्या बोटीवर आलेला माणूस नव्हे. त्यानं तपास केलेला नसतो, त्याच्यासमोर फक्त फाइल असते, आणि दंड लावायचा तर त्या फाइलमध्ये पुरेसा पुरावा असावा लागतो. पत्रात लिहिलेली रक्कम ही प्राथमिक असते, तुमचं ऐकून तो ती कमी करू शकतो, एखादं कलम सोडूही शकतो. तेव्हा तुम्ही लिहाल त्याला खरंच किंमत आहे. सुनावणी मागितलीत तर कुठल्या मुद्द्यावर वाद आहे ते मागणीतच लिहावं लागतं. जो मुद्दा इथे मांडला नाही तो पुढे अपिलात उकरता येत नाही. अपीलही आहे, निकालानंतर पुन्हा ३० दिवसांत, पण ते याच फाइलवर चालतं.

माझा सल्ला: सुनावणी मागू नका, लेखी म्हणणं पाठवा. तुमच्या बाजूनं वाद घालण्यासारखी वस्तुस्थिती फार थोडी आहे आणि मेसेजच्या त्या फोटोपुढे तोंडी सारवासारव टिकणार नाही. लेखी पत्रात पहिल्याच परिच्छेदात मान्य करा: पैसे घेतले, इतके घेतले, खर्च इतका झाला, उरलेले अमुक ठिकाणी गेले. पेट्रोलची, किराण्याची पावती जोडा. बोट तुम्ही कधीही धंद्याला लावली नाही, ही अशी पहिलीच फेरी, याआधी एकही दंड नाही, हे लिहा. खरं असेल तरच. तिन्ही कलमं एकाच फेरीतून, एकाच चुकीतून आली आहेत हेही नम्रपणे नोंदवा. कलमं वेगवेगळी लावायचा त्यांना अधिकार आहे, पण एकूण रक्कम ठरवताना याचा विचार व्हावा अशी विनंती करायला काहीच हरकत नाही. चूक किती गंभीर, दोष किती, पूर्वीचा इतिहास काय, ऐपत किती, हे सगळं ते पाहतात. ऐपतीचा मुद्दा मांडणार असाल तर कागद जोडा, पण २८ फुटी बोटीच्या मालकानं तो मांडताना जरा विचार करावा.

‘मला नियम माहीत नव्हता’ हे एकदा लिहा, एका ओळीत, आणि पुढे जा. त्यानं दंड टळत नाही.

आता बोर्डिंग रिपोर्टचं, म्हणजे बोटीवर आलेल्या अधिकाऱ्यानं लिहिलेल्या अहवालाचं, तिसरं पान काढा. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मला शंका आहे की नीट वाचलं नाहीत. तिथे म्हटलंय, लॉकरमध्ये बारा लाइफ जॅकेट होती, बाराही मोठ्यांच्या मापाची, पाचावर अजून दुकानाचं प्लॅस्टिक. दोन्ही मुलं डेकवर, अंगात जॅकेट नाही. फ्लेअर्सची (संकटात इशारा द्यायला पेटवायच्या नळकांड्यांची) मुदत गेल्या वर्षी संपलेली. यावर कलम लावलेलं नाही. पण दंड किती हे ठरवणारा माणूस हे पान वाचणार आहे. सात वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं जॅकेट घालून पाण्यात टाकलं तर जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं. ऑक्टोबरातल्या रात्री, अंधारात. २०२३ साली अमेरिकेत हौशी बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. मृत्यूचं कारण कळलं त्यांतली तीन चतुर्थांश बुडून गेली, आणि जॅकेटची माहिती मिळाली त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बोटीत असेल, लॉकरमध्ये असेल, प्लॅस्टिकमध्येही असेल.

म्हणून या आठवड्यात मुलांच्या मापाची चार जॅकेट घ्या, नवे फ्लेअर्स घ्या (साडेतीन वर्षांची मुदत असते, तारीख नळकांड्यावरच छापलेली असते), आणि अग्निशामक बाटलीच्या बुडाशी उत्पादनाचं साल बघा. परत न भरता येणारी बाटली बारा वर्षांनंतर बाद. मग कोस्ट गार्ड ऑक्झिलरीच्या स्वयंसेवकांना बोलावून बोटीची तपासणी करून घ्या. ती फुकट असते, काही कमी निघालं तरी दंड नाही, कोणाला कळवतही नाहीत. सगळं ठीक असेल तर स्टिकर देतात. त्या स्टिकरचा फोटो आणि पावत्या पत्राला जोडा. ‘यापुढे काळजी घेईन’ असं पानभर लिहिण्यापेक्षा तो फोटो जास्त बोलतो.

फाइलमध्ये अजून एक गोष्ट शोधा: ‘कॅप्टन ऑफ द पोर्ट’चा, म्हणजे त्या बंदराच्या कोस्ट गार्ड प्रमुखाचा, हुकूम. भाड्यानं फेऱ्या केल्याचा संशय आला की कधीकधी ‘प्रमाणपत्राशिवाय पुन्हा भाड्यानं माणसं न्यायची नाहीत’ असा लेखी हुकूम देतात. तो मोडला तर दंडाची कमाल मर्यादा नव्वद हजार डॉलरच्या पुढे जाते. बेकायदा चार्टरची, म्हणजे अशा भाड्याच्या फेरीची, सगळी कलमं मिळून ती साठ हजारांच्या वर आहे, आणि या मर्यादा दर वर्षी महागाईप्रमाणे वाढतात. हे पाहिल्यावर तुमच्या पत्रातला आकडा कसा वाटतो बघा. आणि हो, सगळेच दंड एवढे जाडजूड नसतात. २६ फुटांखालच्या मोटारबोटीत चालकानं किल-स्विचची (तो पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला अडकवली नाही, तर पहिल्या वेळी कमाल शंभर डॉलर. तुमची बोट २८ फुटी, तुम्हाला तो नियम लागू नाही, पण दोरी अडकवत जा.

सिटिझनशिपबद्दल मी जपूनच बोलतो, तो माझा विषय नाही. दिवाणी दंड म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, एवढं नक्की. पण त्या अर्जात अटकेबरोबरच पोलिसी यंत्रणेनं दिलेल्या नोटिशींबद्दलही प्रश्न असतात. इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराची फी द्या, हे पत्र दाखवा, आणि काय लिहायचं ते त्याच्याकडून ठरवून घ्या. लपवायचं का, हा प्रश्न त्याला विचारू नका, मलाही विचारू नका.

पुढच्या कोजागिरीला मंडळाला पाण्यावर जायचंच असेल तर तपासलेली बोट भाड्यानं घ्या. चढल्यावर भिंतीवर काचेत लावलेलं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर प्रवासी किती न्यायचे तो आकडा लिहिलेला असतो. तिकीट लावा, फंड जमवा, हवं ते करा. कोणी ‘बेअरबोट करू, कागदावर तुम्ही बोट आम्हाला भाड्यानं दिली असं दाखवू’ अशी युक्ती सुचवेल. त्यात कप्तान निवडायचा हक्क बोट घेणाऱ्याचा असतो, आणि सुकाणूवर तुम्हीच बसणार असाल तर ती युक्ती पहिल्या प्रश्नाला फुटते. तुमच्या विमा कंपनीलाही विचारून घ्या. हौशी बोटीच्या पॉलिसीत भाड्याची फेरी बहुधा बसत नाही. म्हणजे त्या रात्री काही झालं असतं तर तुमच्या मागे विमाही उभा नसता.

राहता राहिल्या मावशी. रिपोर्टच्या शेवटी अधिकाऱ्यानं एक ओळ लिहिली आहे: प्रवाशांनी विचारलेल्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली, चालकानं सहकार्य केलं. तुमच्या फाइलमध्ये तुमच्या बाजूचं म्हणावं असं आत्ता तेवढंच एक वाक्य आहे, आणि ते मावशींनी मिळवून दिलंय. पत्रात ते उद्धृत करा. आणि आज संध्याकाळी त्यांना फोन करा. त्यांचे साठ डॉलर परत द्यायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.